रिपोर्टवरचे शब्द इंग्रजी नाहीत आणि परके तर अजिबातच नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की डॉक्टरांनी ही अवघड इंग्रजी नावं बंद करावीत आणि सगळं शुद्ध मराठीत लिहावं. त्यांची तळमळ मला शंभर टक्के पटली, उपाय मात्र पटला नाही, म्हणून लिहितोय. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरवर २२ वर्षं उभा आहे, डी.फार्म. झालोय, आणि रोज अशी चार-पाच माणसं तरी येतातच की ज्यांना औषध नको असतं, नुसता हातातला रिपोर्ट पुढे करतात आणि म्हणतात, भाऊ एवढं बघा की काय लिहिलंय, भ्यायचं काही नाही ना? डॉक्टरांना का नाही विचारलं म्हटलं की गप्प बसतात. तिथं गर्दी असते, डॉक्टर कितीही चांगला असला तरी बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात, आणि आपल्याला कळलं नाही हे सांगायला माणूस लाजतो.

आधी एक सांगतो, हे शब्द इंग्रजी नाहीतच. इंग्लंडातल्या साध्या माणसालासुद्धा कोलेसिस्टेक्टॉमी म्हटल्यावर पहिल्या झटक्यात काही उमगत नसणार, आपल्या शेतकऱ्यासारखंच. हे शब्द काही ग्रीक आणि काही लॅटिन. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी हिपोक्रेटिस आणि त्याच्या नंतरच्या ग्रीक वैद्यांनी लिहून ठेवलं, ते रोमन लोकांनी उचललं, पुढे युरोपात वैद्यकी शिकायची भाषाच लॅटिन राहिली. मग झालं असं की प्रत्येक ठिकाणचे शिक्षक हाडांना आणि स्नायूंना आपापली नावं देत गेले आणि शरीराच्या भागांची नावं साधारण ५०,००० पर्यंत गेली, एकाच भागाला दहा-दहा नावं. शेवटी १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात जर्मन शरीरशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी ती छाटून पाच हजारांच्या आसपास आणली, सगळी लॅटिनमध्ये. त्यामुळेच आज मिरजेतला डॉक्टर आणि जपानमधला डॉक्टर एकाच हाडाला एकच नाव घेतो आणि इथली फाइल उद्या पुण्याला, मुंबईला, दुबईला नेली तरी तिथं वाचता येते. हे मोडायचं म्हणजे पेशंटचंच नुकसान, म्हणून शब्द काढून टाका याला माझा विरोध आहे. पण ते शब्द कुलूप लावलेल्या पेटीसारखे पेशंटच्या हातात द्यायचे आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची यालाही माझा तेवढाच विरोध आहे.

कारण किल्ली खरंच सोपी आहे हो. वर लिहिलेला कोलेसिस्टेक्टॉमी शब्दच घ्या, कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढणं. पित्ताची पिशवी काढली. आपल्याकडे बायका शेजारणीला अगदी हेच सांगतात की यांची पित्ताची पिशवी काढली गं, त्यात आणि त्या भल्यामोठ्या शब्दात काडीचा फरक नाही. लिथ म्हणजे दगड, म्हणून कोलेलिथियासिस म्हणजे पित्ताच्या पिशवीत खडे, आणि नेफ्रोलिथियासिस म्हणजे किडनीत खडे, आपला मुतखडा. शेवटी आयटिस आलं की त्या भागाला सूज, दाह. टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस, हेपॅटायटिस, आधीचा भाग कळला की झालं. ओटॉमी म्हणजे चीर देणं, ऑस्टॉमी म्हणजे तोंड करून ठेवणं, स्कोपी म्हणजे आत बघणं, आल्जिया म्हणजे दुखणं, ईमिया आलं की रक्तातलं काहीतरी, यूरिया आलं की लघवीतलं. असे तीस-चाळीस तुकडे पाठ झाले की शेकडो शब्द आपोआप सुटतात.

आता मी एवढा पोटतिडकीने का लिहितोय ते सांगतो. माझे वडील इन्सुलिनवर आहेत. चार वर्षांपूर्वी मी लग्नाला बाहेरगावी होतो आणि रात्री अकराला वडिलांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, काहीतरी असंबद्ध बोलायला लागले. आई साखरेचं पाणी करत होती, तिला अनुभवाने माहिती होतं. माझ्या बहिणीने घाबरून ज्या हॉस्पिटलची ट्रीटमेंट चालू होती तिथं फोन लावला, फोनवर जो कोणी होता तो घाईत म्हणाला हायपो वाटतंय, घेऊन या. बहिणीला ऐकू आलं हायपर. तिने शब्द वाचले होते, तिला माहिती होतं हायपर म्हणजे जास्त, तिने आईच्या हातातला ग्लास काढून घेतला की साखर आधीच वाढलीय आणि तू अजून साखर कुठं पाजतेस. पंधरा मिनिटं गेली गाडी मिळवण्यात. शेजारचे काका साखर मोजायचं मीटर घेऊन आले म्हणून निभावलं, मीटरवर ४८ आली, म्हणजे फारच कमी, लगेच साखर चाटवली, हळूहळू भानावर आले. बहीण अजूनही ती रात्र आठवली की रडते. मला सांगा तिची काय चूक? आणि फोनवरच्या त्या माणसाचीही चूक म्हणवत नाही, तो रोज तोच शब्द पन्नास वेळा बोलतो. पण "साखर खाली गेलीय" एवढे तीन शब्द तो बोलला असता तर! हायपो आणि हायपर यांच्यात कानाला एका अक्षराचा फरक आणि अर्थ बरोब्बर उलटा, हायपो म्हणजे खाली आणि हायपर म्हणजे वर, आणि तेही शुगर, बीपी, थायरॉइड, पोटॅशियम अशा रोजच्या गोष्टींना लागणारे.

त्या प्रसंगानंतर मी हे तुकडे नीट समजून घ्यायला लागलो, कॉलेजात तर नुसती घोकंपट्टी होती, कुणी फोड करून सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक आहेत, हायस्कूलला संस्कृत शिकवायचे, ते बीपीच्या गोळ्या न्यायला येतात. त्यांना मी हायपो-हायपरचं सांगितलं तर ते म्हणाले, अरे हे तर आपलं संस्कृतचं उप आणि उपरि, खालचं आणि वरचं! मला आधी खरं वाटलं नाही, मग त्यांनी मला १७८६ साली विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने, भाषांच्या अभ्यासकाने, कलकत्त्यात जे भाषण केलं त्याबद्दल सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच जुन्या भाषेतून निघालेल्या असाव्यात एवढं त्यांच्यात साम्य आहे. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं सगळं संस्कृतमधून गेलं असं नाही हं, सर त्या बाबतीत कडक आहेत, त्यांचं म्हणणं या आई-मुली नाहीत, बहिणी-बहिणी आहेत. पण बहिणी म्हणजे चेहरा जुळणारच.

तेव्हापासून सर आले की आमचा हाच उद्योग. ॲनिमिया, यातलं ॲन म्हणजे आपलं अन्, अनावश्यक मधलं, आणि ईमिया रक्त, म्हणजे रक्त नाही, रक्त कमी. डिसेंट्री मधलं डिस म्हणजे आपलं दुस्, दुर्गंध दुष्काळ मधलं, आणि एंटेरॉन म्हणजे आतडं, आतडं बिघडलं. पेरिकार्डियम मधलं पेरि म्हणजे परि, परिसर मधलं, हृदयाच्या सभोवतालचं. ऑस्टिओ म्हणजे अस्थि, ते ऐकताच कळतं. डेंटल म्हणजे दंत, नेझल म्हणजे नासिका, गुडघ्याला लॅटिनमध्ये जेनू म्हणतात ते आपलं जानु, आजानुबाहू मधलं. लिव्हरला ग्रीकमध्ये हेपार, लॅटिनमध्ये येकुर, आणि आपण यकृत, येकुर आणि यकृत शेजारी ठेवून बघा. थर्मामीटर मधलं थर्मो आणि संस्कृतचं घर्म म्हणजे उष्णता एकाच घरातले, त्या घर्माचा आपला घाम झाला. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे डायग्नोसिस, त्यातलं ग्नोसिस म्हणजे जाणणं, आणि आपलं ज्ञान, दोन्हीचं मूळ एकच. प्रॉग्नोसिस मध्ये तर प्रो आणि ग्नो, आपल्याकडे प्र आणि ज्ञा, प्रज्ञा. हे सगळं कळल्यावर तो रिपोर्ट परक्याचा वाटेनासाच होतो.

आणि जिथं शब्द जुळत नाही तिथं कल्पना जुळते, हे तर मला फारच भारी वाटतं. गुडघ्याच्या वाटीला लॅटिनमध्ये पॅटेला म्हणतात, त्याचा अर्थ छोटी ताटली. म्हणजे त्यांच्याही डोळ्यासमोर स्वयंपाकघरातलं भांडंच आलं. डोळ्यातल्या बाहुलीला प्युपिल म्हणतात, तो शब्द लॅटिन प्युपिला वरून आला, म्हणजे छोटी मुलगी, बाहुली, कारण समोरच्याच्या डोळ्यात बघितलं की आपलंच बाहुलीएवढं रूप दिसतं. कुठं रोम आणि कुठं आपली सांगली, पण आईच्या मांडीवर बसून तिच्या डोळ्यात बघणारं पोर दोन्हीकडे सारखंच. दंडाला पीळ दिला की आपण म्हणतो बेटकुळी आली, बेडकी उडी मारल्यासारखी दिसते म्हणून, आणि मसल म्हणजे लॅटिन मुस्कुलुस, छोटा उंदीर, कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. आपला बेडूक त्यांचा उंदीर. पाठीच्या कण्याच्या शेवटच्या हाडाला आपण माकडहाड म्हणतो, ग्रीकांनी कॉक्सिक्स म्हटलं, कोकिळेच्या जातीचा कुकू पक्षी असतो त्याच्या चोचीसारखं वाकडं म्हणून. कानाच्या आतल्या गोल गोल भागाला कॉक्लिया, म्हणजे गोगलगाय. ही नावं ठेवणारी माणसं आपल्यासारखीच साधी होती, हाताशी जे दिसलं त्याचं नाव दिलं.

कॅन्सर हा शब्द ऐकला की आमच्या काउंटरवर माणसाचा आवाज उतरतो. त्याचा अर्थ नुसता खेकडा. ग्रीक वैद्य त्या गाठीला कार्किनोस म्हणायचे, गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात म्हणून, रोमन लोकांनी त्याचा आपल्या भाषेत कॅन्सर केला आणि आपण त्याच कल्पनेवरून कर्करोग म्हणतो, कर्क म्हणजे खेकडा, राशीतला. डायबिटीसचंही तसंच. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आरपार वाहून जाणं, पाणी पितो आणि तसंच लघवीवाटे जातं, कॅपाडोशियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, अरेटियस नावाच्या वैद्याने लिहिलं होतं की मांस आणि अवयव वितळून लघवीत जातात. मेलिटस म्हणजे मधासारखं गोड. इंग्लंडात १७व्या शतकात थॉमस विलिस या डॉक्टरने लघवी गोड असते हे लिहिलं, आपल्याकडे चरक-सुश्रुतांना ते आधीपासून माहिती होतं, नावच मधुमेह, मेह म्हणजे लघवी. पण इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, डायबिटीस इन्सिपिडस नावाचा वेगळा आजार आहे, इन्सिपिडस म्हणजे बेचव, त्यात लघवी खूप होते पण साखरेचा संबंध नाही. एक बाई तो रिपोर्ट घेऊन आली होती आणि तिने पंधरा दिवस नवऱ्याचा भात आणि फळं बंद केली होती, बिचारा आधीच हडकुळा. मेलिटस आणि इन्सिपिडस, गोड आणि बेचव, एवढं कुणी सांगितलं असतं तर!

लस या शब्दाची गोष्ट तर आपल्या मुंबईपर्यंत येते. व्हॅक्सिन हा शब्द वाक्का म्हणजे गाय यावरून, कारण १७९६ ला इंग्लंडातल्या एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने गायीच्या देवीच्या फोडातला द्राव एका मुलाला टोचला आणि देवीपासून वाचवलं. तो द्राव व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा माणसाच्या दंडावरून दंडावर टोचत मुंबईत पोचला आणि १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचला, भारतातली ती पहिली लस. तिच्या दंडावरच्या फोडातल्या द्रावातून पुढे इतरांना टोचलं. फोडातून किंवा जखमेतून जे पातळ पाणी येतं त्याला आपण लसच म्हणतो की, डॉक्टर लोक त्याला लिम्फ म्हणतात आणि लॅटिनमध्ये लिम्फा म्हणजे स्वच्छ पाणी. इंग्रजी शब्दात गाय राहिली आणि आपल्या शब्दात तो द्राव राहिला.

बरं, आता गोंधळ कुठं होतो तेही सांगतो, कारण सगळंच गोड नाही. एकाच अवयवाला ग्रीक नाव वेगळं आणि लॅटिन वेगळं, आणि डॉक्टर दोन्ही वापरतात. किडनीला ग्रीकमध्ये नेफ्रोस, लॅटिनमध्ये रेन. म्हणून डॉक्टर नेफ्रोलॉजिस्ट पण तपासणी रीनल फंक्शन टेस्ट. एक म्हातारे बाबा माझ्याकडे रडवेले होऊन आले, म्हणाले मला एक रीनलचा आजार आहे आणि वरून नेफ्रोचा पण निघाला. दोन आजार नाहीत बाबा, एकच किडनी आहे दोन नावाची, हे सांगितल्यावर त्या माणसाने काउंटरवर डोकं टेकलं. रिपोर्टवर रीनल कॅल्क्युलस लिहिलं होतं, कॅल्क्युलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटा खडा, पूर्वी खडे मोजून हिशेब करायचे म्हणून कॅल्क्युलेटर पण त्यातूनच आला.

कोविडनंतर अजून एक. एका मावशींना कोरोनरी अँजिओग्राफी सांगितली, त्या जाईनात, म्हणाल्या मला कोरोना झालेला नाही मी कशाला जाऊ. कोरोना म्हणजे लॅटिनमध्ये मुकुट. हृदयाला मुकुटासारख्या वेढून बसलेल्या रक्तवाहिन्या म्हणून त्या कोरोनरी, आणि मायक्रोस्कोपमध्ये विषाणूच्या कडेने मुकुटासारखे काटे दिसले म्हणून १९६८ मध्ये त्याला कोरोनाव्हायरस नाव दिलं, बाकी दोघांचा काही संबंध नाही. एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागली आणि त्या दुसऱ्या दिवशी गेल्या.

ओमा या शेवटाची भीती तर घरोघरी. लायपोमा म्हणजे चरबीची गाठ, बहुतेक वेळा साधी, पण कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरची गाठ, हा शब्द ऐकलेल्या माणसाला शेवट सारखा वाटतो आणि घरात चूल पेटत नाही. अर्थात ओमा म्हणजे फक्त गाठ, ती चांगली की वाईट हे त्यावरून ठरत नाही, मेलॅनोमा आणि लिम्फोमा वाईटच असतात, म्हणून अंदाज बांधू नये, डॉक्टरांना विचारावं. बिनाइन लिहिलं असेल तर त्यात बेने आहे म्हणजे चांगलं, मॅलिग्नंट मध्ये मालुस म्हणजे वाईट, हे दोन शब्द तरी प्रत्येकाला माहिती पाहिजेत.

चिठ्ठीवरची अक्षरं तर माझ्या रोजच्या कामाची. बीडी म्हणजे लॅटिनमध्ये दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपायच्या वेळी. एसओएस म्हणजे "सी ओपुस सित", गरज पडली तर. एका मुलीने आईचा ताप रात्रभर तसाच ठेवला, गोळी घरात होती पण चिठ्ठीवर एसओएस लिहिलेलं, तिला वाटलं एसओएस म्हणजे जीवावर बेतल्यावरच द्यायची, बुडत्या जहाजासारखी. आणि ओडी लिहिलं तर गोळीला त्याचा अर्थ दिवसातून एकदा, पण डोळ्याच्या डॉक्टरांच्या कागदावर ओडी म्हणजे ओक्युलुस डेक्स्टर, उजवा डोळा! ड्रॉप्सच्या चिठ्ठीवर ओडी दिसलं की मी आजही फोन करून विचारतो, लोकांना वाटतं उगाच वेळ काढतोय.

त्या पत्रलेखकांना म्हणून माझं नम्र सांगणं असं की परिभाषा कोशातले शब्द आणून हा प्रश्न सुटणार नाही. थायरॉइडला अवटू ग्रंथी म्हणतात हे माझ्या काउंटरवर आलेल्या एकाही माणसाला माहिती नव्हतं, त्यापेक्षा थायरॉइड सगळ्यांना कळतं, गळ्यातली ग्रंथी म्हटलं की अजून कळतं. ग्रीकच्या जागी जड संस्कृत आणून बसवलं तर पेशंट होता तिथंच. डॉक्टरांचा शब्द तसाच राहू दे, त्याच्या खाली एक ओळ घरातल्या मराठीत येऊ दे. डिस्चार्ज कार्डवर हायपोग्लायसेमिया लिहा आणि खाली लिहा, साखर फार खाली गेली होती, असं झालं तर लगेच साखर द्या. एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो?

आणि हे तुकडे डी.फार्म.ला, नर्सिंगला आणि आशाताईंच्या ट्रेनिंगमध्ये फोड करून शिकवा, मराठीतून, उप-उपरि आणि वाटी-ताटली सांगून. घोकलेलं परीक्षेनंतर जातं पण बेटकुळी आणि उंदीर कोण विसरेल? आशाताई तर प्रत्येक दारात जाते, तिला कळलं की गावाला कळलं.

मी माझ्यापुरतं एक केलंय, काउंटरच्या काचेखाली एका कागदावर मोठ्या अक्षरात ३२ तुकडे आणि त्यांचे मराठी अर्थ लिहून ठेवलेत, सरांनी तपासून दिलेत, पहिल्याच ओळीत हायपो म्हणजे खाली, हायपर म्हणजे वर असं लाल शाईने आहे. लोक गोळ्या मिळेपर्यंत वाचत उभे राहतात, शाळेतली पोरं तर वहीत उतरवून नेतात. तुमच्या आरोग्य पुरवणीत आठवड्याला दोन शब्दांपुरती जागा निघाली तर तो कागद मी तुम्हाला पाठवायला तयार आहे, मानधन वगैरे काही नको, फक्त अक्षर मोठं ठेवा, वाचणारे बहुतेक चष्म्याचे असतात.

आपला,
एक फार्मासिस्ट, जि. सांगली